फॉरमॅट मारण्याआधी

पोरांनो, छत्री फिरवून सिग्नल आणणं कुणीही शिकतं. आता तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर गिऱ्हाईक वेगळंच काम सांगतं: "मिस्त्री, टीव्हीवरचं साठवून ठेवायचंय, हार्डडिस्क आणलीय, तेवढी लावून द्या." कुणाला 'आमची माती आमची माणसं'मधला बागायतीचा भाग हवा असतो, तर कुणाला तारपा नाचाच्या बातमीत दिसलेला आपला पोरगा. डिस्क लावली की सेट-टॉप बॉक्स विचारतो, फॉरमॅट करू का? 'ओके' दाबायला काहीच लागत नाही. गेलेलं परत मिळवायला मात्र वापीपर्यंत हेलपाटे घालावे लागतात, आणि तरी मिळेलच असं नाही. म्हणून या गोष्टी कानात ठेवा.

डिस्कमध्ये काय आहे, ते आधी विचारा. फॉरमॅट म्हणजे लिहिलेली पाटी पुसणं. "रिकामीच आहे" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी त्याच्यासमोर उघडून बघा. लग्नाचे फोटो नाहीतर सातबाऱ्याची स्कॅन कॉपी हमखास निघते. कॉम्प्युटरवर काम करताना बाकीचे पेनड्राइव्ह काढून ठेवा, म्हणजे चुकीच्या ड्राइव्हवर हात पडणार नाही. एक टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसले, तर दुकानदाराला शिव्या घालू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत. पण आठवडी बाजारात दोन टीबीचा पेनड्राइव्ह मातीमोल भावात मिळाला, तर तो खोटाच समजा. त्याच्या आत थोडीच जागा असते आणि बाकीचा नुसता आकडा. फाइल कॉपी झालेली दिसते, पण उघडत नाही.

ती डिस्क कोण वाचणार, हे ठरवून मगच फॉरमॅट निवडा. सगळी मेख इथे आहे. फ्री डिशचे बहुतेक बॉक्स फॅट-३२ ओळखतात, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. साध्या चॅनेलचं रेकॉर्डिंग तासाला दीड-दोन जीबी खातं, म्हणजे दोन-अडीच तासांत हद्द आली. काही बॉक्स तिथे दुसरी फाइल सुरू करतात, काही थेट थांबतात. सामन्याची शेवटची षटकं नेमकी अशीच जातात. एनटीएफएसमध्ये ती अडचण नाही. शिवाय त्यात कामाची नोंद आधी होते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी डिस्क सावरायची शक्यता जास्त. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतं, पण जुने बॉक्स ते ओळखत नाहीत आणि अचानक वायर ओढली तर ते लवकर बिघडतं. म्हणून माझी रीत अशी: बॉक्सला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, फॅट-३२ मारलेला, फक्त रेकॉर्ड करायला. जपायची डिस्क वेगळी, एनटीएफएसची, आणि ती कॉम्प्युटरवरच भरायची. डिस्कला नाव इंग्रजी अक्षरांत द्या, मराठी नावाच्या जागी बॉक्स चौकोन दाखवतो.

नवी डिस्क असेल तर पहिला फॉरमॅट पूर्ण मारा. 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढली की विंडोज अख्ख्या डिस्कवर शून्य लिहून खराब जागा शोधतं. जुन्या यूएसबी पोर्टवर एक टीबीला नऊ-दहा तास सहज जातात. त्यामुळे हे काम लॅपटॉपवर, चार्जर लावून, रात्री लावायचं. गिऱ्हाइकाला सांगायचं, "उद्या या." घाईत दिलेली डिस्क चार महिन्यांनी तक्रार घेऊन परत येते.

डिस्कचा आवाज ऐका. बॉक्सला लावल्यावर ती टिक-टिक करून थांबत असेल आणि पुन्हा टिक-टिक करत असेल, तर फॉरमॅटचा दोष नाही, बहुतेक वेळा तिला करंट पुरत नाही. बॉक्सचा साधा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, डिस्कला फिरायला लागताना त्याहून जास्त लागतो. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मध्ये लावा. डिस्क ओळखत नाही म्हणून पुन्हा पुन्हा फॉरमॅट मारत बसू नका.

काही टीव्ही डिस्कला आपल्याच पद्धतीचा फॉरमॅट मारतात. अशी भरलेली डिस्क कॉम्प्युटरला लावली की तो म्हणतो, वापरण्याआधी फॉरमॅट करा. तिथे नेहमी 'कॅन्सल'. काही कंपन्यांच्या पैसे भरून घ्यायच्या डिशचं रेकॉर्डिंगही त्याच बॉक्सला कुलूपबंद असतं. बॉक्स मेला की ते गेलं. म्हणून पहिल्या दिवशी पाच मिनिटं रेकॉर्ड करा, काढा आणि कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चालवून बघा. दुसऱ्या यंत्रावर चालली तरच ती प्रत.

प्रत एकाच घरात ठेवू नका. नोव्हेंबर २०१८पासून इथे जमीन हादरायला लागली, तेव्हा धुंदलवाडीकडची माणसं थंडीत तंबूत झोपत होती. फिरत्या डिस्कला टीव्हीच्या कपाटावरून खाली यायला तेवढा धक्का पुरतो. रेकॉर्ड करताना डिस्क जमिनीलगत ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पावसाळ्यात आणि समुद्राकडच्या खाऱ्या हवेत ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह. खंडेनवमीला हत्यारं बाहेर काढतो, त्या दिवशी डिस्कही लावायची आणि एखादी फाइल शेवटपर्यंत चालवायची.

"चॅनेलवाल्यांकडे असेलच की," असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा: बीबीसीसारख्या संस्थेनं 'डॉक्टर हू' मालिकेच्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या. १९६०च्या दशकातल्या नव्वदहून जास्त भागांचं चित्र आजही सापडलेलं नाही. आवाज मात्र सगळ्या भागांचा आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टेपरेकॉर्डर लावला होता. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्याची बातमीही टीव्हीवर अशीच येऊन गेली असणार; पाड्यावर कुणी धरून ठेवली असेल तर आहे.

आणि कायद्याची मर्यादा पाळा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा खऱ्याखुऱ्या शिकवण्या-संशोधनासाठी रेकॉर्डिंग चालतं. त्याच्या सीडी काढून जत्रेत विकणं चालत नाही. तसलं काम घेऊन कुणी आलं, तर दुप्पट मजुरी देत असलं तरी हात जोडा आणि पुढच्या गिऱ्हाइकाची डिस्क हातात घ्या.