चरखी तुम्ही धरा

जयपुरात घर केलेल्या लेकी-सुनांनो आणि मुलांनो, मूल दहा-बारा वर्षांचं झालं की आईबापांशी मोजकंच बोलू लागतं. अशा वेळी त्याला समोर बसवून प्रश्न विचारत राहू नका. त्याच्या आवडीच्या खेळात शिरा आणि त्याच्या हाताखाली काम करा. या गावात त्यासाठी पतंग आयताच मिळतो. 14 जानेवारीला अख्खं शहर गच्चीवर असतं आणि त्याआधी कितीतरी दिवस पोरांचं लक्ष आभाळाकडेच लागलेलं असतं.

पहिला कानमंत्र असा, की दोर मुलाच्या हाती आणि चरखी तुमच्या हाती. हे काम हलकं समजू नका. दोन्ही मुठी सैल धरायच्या. मुलानं ढील दिली की चरखी मोकळी फिरू द्यायची, त्यानं दोर ओढला की पायाशी गुंता व्हायच्या आत गुंडाळून घ्यायचा. चरखी घट्ट धरलीत तर ऐन पेचात दोर अडतो आणि पतंग हातचा जातो. म्हणून नजर सतत मुलाच्या हातावर ठेवावी लागते, फोन आपोआप खिशात राहतो. मुलाला हवी असते ती हीच नजर.

दुसरा, शिष्य व्हा. खरेदीला हांडीपुऱ्यात जा, पण पतंग त्याला निवडू द्या. कामटी कशी वाकवून पाहायची, कन्नी कुठे बांधायची, हे त्यालाच विचारा. पतंग एका बाजूला झुकत असेल तर कमानीच्या दुसऱ्या टोकाला कागदाचा कपटा बांधून तोल साधतात. ढील दिली की पतंग गिरकी घेतो, नाक हव्या दिशेला आलं की दोर ओढायचा. हे तो सांगेल तेव्हा मध्ये तोंड घालू नका. एरवी दिवसभर त्यालाच सगळे शिकवत असतात.

तिसरा, पतंग कटला तर सल्ला देऊ नका. ‘दुसऱ्याला कन्नी बांधू का?’ एवढंच विचारा. आणि शाळेचे गुण, गृहपाठ, शेजारच्यांचा मुलगा हे विषय गच्चीवर आणायचे नाहीत. मनातलं तो स्वतःच बोलेल, बहुधा दोर गुंडाळताना.

चौथ्या गोष्टीत मात्र मोठेपणा सोडू नका. नायलॉनचा मांजा घरात येता कामा नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2017 मध्ये त्यावर देशभर बंदी घातली आहे. पहाटे आणि सांजेला पाखरं घरट्यातून निघतात, परततात; त्या वेळी पतंग खाली उतरवा. संक्रांतीच्या दिवसांत ‘हेल्प इन सफरिंग’सारख्या संस्था जखमी पक्ष्यांवर उपचार करतात. जखमी कबूतर दिसलं तर मुलालाच सोबत घेऊन तिथे पोचवा. गच्चीला कठडा नसेल तर मैदान गाठा.

मुलाला पतंग आवडत नसेल, ताऱ्यांचं वेड असेल, तर जंतरमंतर वेधशाळेत जा. ती उभारणाऱ्या सवाई जयसिंहांच्या पदरी असलेले गणिती पंडित जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रातले, हे त्याला जरूर सांगा. मग 27 मीटर उंच सम्राट यंत्र या सूर्यघड्याळापाशी त्याच्या शेजारी उभे राहा. तिथली सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती सरकताना डोळ्यांना दिसते. ती त्याला पोटभर पाहू द्या, निघायची घाई करू नका.

छंद कोणताही असो, तो मुलाचा आहे. तुम्हाला तो आवडायलाच हवा असं नाही, पण तो मुलाला का आवडतो हे कळायला हवं. दर रविवारी एक तास त्यासाठी राखून ठेवा आणि पाहुणे आले तरी तो मोडू नका. येत्या रविवारी गच्चीवर जा आणि चरखी मागून घ्या.