मैदानी कौशल्ये : शिकण्याचे वय आणि शिकवण्याची जागा

पुणे शहरापासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावर, पुणे-अहिल्यानगर महामार्गालगत शिरूर तालुक्यातील सणसवाडी हे गाव वसले आहे. एका अंगास कोरेगाव भीमा, दुसऱ्या अंगास शिक्रापूर आणि सभोवार कारखाने. एके काळी शेतीवर जगणाऱ्या या पट्ट्यात कारखानदारी आली, तिच्यामागून परगावचे व परप्रांतीचे कामगार आले आणि महामार्गालगतच्या जमिनीला मोल आले. महाराष्ट्रातील इतर अनेक गावांप्रमाणे येथेही पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांना मोकळी धाव घ्यायची तर बहुधा रस्त्याची कडाच हाताशी असते. भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेक दोघांनाही असते. मुलांचा गोळा ७.२६० किलोग्रॅमचा व मुलींचा ४ किलोग्रॅमचा असतो.

या तयारीत एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. रोज धावून तरुणांचा दम वाढतो, परंतु शंभर मीटरची सुरुवात कशी करावी, धावताना हात कसे हलवावेत, गोळा खांद्यातून नव्हे तर पायांतून कसा ढकलावा, हे त्यांतील बहुतेकांस ठाऊक नसते. जे अकराव्या-बाराव्या वर्षी खेळता खेळता अंगवळणी पडावयाचे, ते विसाव्या वर्षी तीन-चार महिन्यांत घोकावे लागते. भरतीची यादी लागते तेव्हा या उशिराची किंमत त्या तरुणाच्या घराला मोजावी लागते.

एक जुना दाखला

हा अनुभव नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा सर दोराबजी टाटा यांनी पाहिल्या. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. स्पर्धेत उतरलेले बहुतेक धावपटू शेतात राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले आणि अनवाणी धावणारे होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीतील त्यांची चिकाटी पाहून टाटा प्रभावित झाले. तथापि या मुलांना शर्यतीचे नियम वा आधुनिक शिक्षण यांचा गंधही नव्हता, हेही त्यांनी पुढे एका पत्रात नमूद केले आहे. या प्रेरणेतूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला आणि फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये १९ वा क्रमांक मिळवला. दम गावातून आला होता, कौशल्य शिकवणारे कोणी नव्हते. शंभर वर्षांनंतरही अनेक गावांत हीच वस्तुस्थिती असावी, हे खेदजनक आहे.

कौशल्य म्हणजे काय

तंदुरुस्तीचे घटक सर्वपरिचित आहेत: दम, ताकद, वेग, चपळता, लवचिकता व समतोल. हे शरीराचे भांडवल होय. धावणे, उडी मारणे, उतरणे, फेकणे, वळणे व थांबणे ही ते भांडवल वापरण्याची रीत. दोन मुलांच्या पायांत सारखीच ताकद असली, तरी धावताना ज्याचे पाऊल शरीराच्या फार पुढे पडते तो प्रत्येक पावलाला स्वतःलाच अडवीत असतो. हात छातीसमोर आडवे हलवणाऱ्या मुलाचे धड डावी-उजवीकडे वळत राहते. हात मागे-पुढे हलवणारा त्याच श्रमात पुढे निघून जातो. ही दुरुस्ती खर्चाची नाही. तिला पाहणारा डोळा मात्र लागतो.

उडीच्या बाबतीत शाळांमधून बहुधा उलट्या क्रमाने शिकवले जाते. आधी उंच वा लांब उडी मारावयास सांगतात. जमिनीवर कसे उतरावे हे कोणी सांगत नाही. वस्तुतः प्रथम उतरणे शिकवले पाहिजे: गुडघे किंचित वाकलेले, ते पायाच्या बोटांच्या रेषेत, आणि पाऊल टेकताना आवाज कमीत कमी. किशोरवयीन मुलींमध्ये उतरताना गुडघे आत वळण्याची प्रवृत्ती अधिक आढळते आणि गुडघ्यातील अस्थिबंधाच्या दुखापतींशी तिचा संबंध आहे. वयात येण्याच्या सुमारास, वाढीच्या भर वेगाच्या दोन वर्षांत, प्रौढपणीच्या अस्थिद्रव्याचा सुमारे पाव हिस्सा साठतो. उड्या, धावणे, दोरीवरून उड्या मारणे यांचा या साठ्यास हातभार लागतो. ही दोन वर्षे वर्गात बसून गेली तर ती पुन्हा येत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर नेमक्या याच वयात मैदान सुटते. घरकाम, संकोच आणि 'आता मोठी झालीस' हा शेरा यांमुळे ते सुटते. शाळेने त्यात भर घालू नये.

गोळाफेकीत तर नावापासूनच गैरसमज होतो. गोळा फेकावयाचा नसून मानेजवळून पुढे ढकलावयाचा असतो. तो खांद्याच्या रेषेमागे नेला तर ती फेक नियमबाह्य ठरते. चेंडूसारखा फेकू पाहणाऱ्याचा खांदा किंवा कोपर दुखावते आणि गोळाही जवळच पडतो. जोर मागच्या पायातून निघून कमरेतून, धडातून अखेरीस हातात यावयाचा असतो. लहान वयात जड गोळा देण्याचे कारण नाही. हलक्या चेंडूने दोन्ही हातांनी छातीपासून ढकलण्याचा सराव पुरेसा होतो.

खो-खोचे मैदान हीच प्रयोगशाळा

या कौशल्यांसाठी परदेशी साहित्यच हवे अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. खर्च म्हणजे दोन खांब आणि थोडी फक्की. पाटीवर उकिडवा बसलेला गडी खो मिळताच क्षणात उठून झेपावतो. वेगवान धावपटूच्या सुरुवातीला लागणारी पायांची ताकद ती हीच. एकदा घेतलेली दिशा त्याला बदलता येत नाही, म्हणून धाव घेण्यापूर्वीच निर्णय करावा लागतो. पळणारा गडी साखळी खेळताना हुलकावणी देतो, वेग तोडतो, पुन्हा वेग घेतो. खांबावर सूर मारताना समतोल आणि धाडस यांची एकदमच परीक्षा होते. लंगडीने एका पायाची ताकद येते आणि लांब उडीचा टेकाही एकाच पायावर घ्यावयाचा असतो. लगोरीत नेम व फेक साधते. आट्यापाट्यांत अंग चोरून निसटण्याची कला येते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही या गावच्या ललिता बाबर शाळेत असताना खो-खो खेळत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत १० वे स्थान मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे व ७ पाण्याच्या उड्या असतात. निव्वळ दमावर ती जिंकता येत नाही. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-धावत जाऊन त्यांचा दम तयार झाला, परंतु अडथळ्यांची शर्यत त्यांनी सैन्यात दाखल झाल्यावर शिकली. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ही त्यांची पुढची वाटचाल. सैन्याने शिकवले म्हणून हे घडले. प्रत्येक गावच्या मुलाला ती संधी मिळेलच असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले, त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे होत.

तासाचा हिशेब

शिक्षकांची खरी अडचण वेळेची असते. चाळीस मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास. एकेका मुलाला धावायला सोडले आणि प्रत्येकास वीस सेकंद लागले, तर एक फेरी संपावयास तेरा मिनिटांहून अधिक वेळ जातो. तासाभरात मुलाच्या वाट्यास दोनच धावा येतात आणि उरलेला वेळ रांगेत ढकलाढकलीत जातो. पाच-पाच मुलांचे आठ गट एकामागून एक सोडले, तर फेरी पावणेतीन मिनिटांत पुरी होते. तीस-चाळीस मीटरच्या जोरकस धावेनंतर साधारण एवढीच विश्रांती शरीरास हवी असते. दमलेल्या मुलास पुन्हा जोरात धावावयास लावल्यास त्याला मंद धावण्याचीच सवय जडते. लांब धावेचा नियम वेगळा आहे. ६०० मीटरच्या चाचणीत मुले पहिले शंभर मीटर जीव तोडून पळतात व पुढे चालू लागतात. सारख्या वेगाने धावणे हेही कौशल्यच असून ते शिट्टी व स्टॉपवॉच यांच्या साहाय्याने शिकवता येते.

'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत मोठ्या मुलांसाठी ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणे, पोटाचे व्यायाम आणि जोर यांचा समावेश आहे. आकडे भरून पाठवले की काम संपले, असा समज काही ठिकाणी दिसतो. वर्षारंभी व वर्षाअखेरी घेतलेले आकडे शेजारी ठेवून पाहिले तरच त्या कागदाला अर्थ येतो. पाच ते सतरा वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचवले आहे. शाळेच्या वेळापत्रकातून एवढा वेळ निघत नाही. उरलेला वेळ संध्याकाळी गावातच मिळावयास हवा.

मैदान कोणाचे

येथे पंचायत सदस्यांचा संबंध येतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील अनुसूचीने शाळेस मैदान आवश्यक ठरवले आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तेथे आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाचीही तरतूद आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत उद्याने व क्रीडांगणे यांचा स्पष्ट उल्लेख सापडतो. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत क्रीडांगण हा शब्द नाही. गावात मोकळी जागा असणारच, असे त्या वेळी गृहीत धरले गेले असावे. कारखान्यांनी वेढलेल्या गावांत ते गृहीतक टिकलेले नाही. अनुसूचीतील शेवटचा विषय सामुदायिक मालमत्तेची देखभाल हा आहे आणि मैदानाची काळजी त्याखाली घेता येते.

त्याकरिता भव्य क्रीडासंकुलाची वाट पाहण्याची गरज नाही. ५० मीटर धावेसाठी थांबण्याच्या जागेसह सुमारे ६५ मीटरची सरळ पट्टी लागते. मैदान ५० मीटर लांब व ४० मीटर रुंद असले, तर त्याचा कर्ण ६४ मीटर भरतो. पट्टी तिरकी आखली की काम भागते. तेवढ्याच जागेत खो-खोचे मैदान, उडीसाठी वाळूचा खड्डा आणि एका कोपऱ्यात गोळाफेकीचे वर्तुळ बसते. मात्र फेकीची दिशा धावपट्टीकडे असता कामा नये. कामगारांच्या पाळ्या सांभाळणाऱ्या घरांतील मुले सायंकाळी एकटी असतात. शाळेचे फाटक सहा ते आठ या वेळेत उघडे राहावे, दिव्याची सोय व्हावी आणि कोणी एक जाणता माणूस तेथे उपस्थित असावा, एवढा ठराव ग्रामसभेत होऊ शकतो. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणांनाही त्याच मैदानावर जागा दिल्यास ते रस्त्याच्या कडेवरून आत येतील, आणि शिक्षकाकडून शिकलेली गोळ्याची ढकल लहान मुलांना दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येईल.