पेन्सिलीतली वसई

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत पडक्या चर्चचं पेन्सिलचित्र सापडलं. खाली इंग्रजीत ‘बसीन’ असं लिहिलंय. पोर्तुगीज चित्रकाराचं म्हणजे लाखांचं, असं सगळे म्हणतात. कागदावर डाग आहेत, ते खोडरबरने काढून लॅमिनेशन करावं का?
– एक वाचक, बदलापूर (पूर्व)

उत्तर : लॅमिनेशन मुळीच करू नका! खोडरबर आणि चिकटपट्टीही लांबच ठेवा. डागांबरोबर रेघाही जातील.

बसीन म्हणजे वसई. मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले आणि पुढे तिथली चर्च ओस पडली. चित्रात छप्पर नाही, भिंतींवर झाडं उगवली आहेत, तर ते त्यानंतरचंच असणार. इंग्रजी राजवटीत अनेक अधिकारी आणि प्रवासी हौसेने अशी रेखाटनं करत. त्यामुळे नुसत्या जुनेपणावरून किंमत ठरत नाही.

आधी ते छापील शिळामुद्रण नाही ना, हे पाहा. कागद उजेडात तिरका धरा. शिसपेन्सिलीची रेघ करडी चमकते, छपाईची शाई चमकत नाही. मग उजेडासमोर धरा. कागदगिरणीचं नाव किंवा साल जलचिन्हात दिसलं, तर चित्र त्या गिरणीच्या किंवा सालाच्या आधीचं नाही हे नक्की.

बदलापूरच्या पावसाळी दमटपणात बुरशी आणि कसर लागते. चित्र आम्लमुक्त कागदात, ओल नसलेल्या भिंतीलगतच्या कपाटात आडवं ठेवा. डागांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे चौकशी करा.

चित्र शंभर वर्षांहून जुनं ठरलं, तर १९७२चा पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो. नोंदणीबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. तोवर ते विकू नका, परदेशी नातेवाइकांकडेही पाठवू नका.