आधी दात ओला करून बघ

बाळा, तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. दात उजळायचेत, दवाखान्यात तासाभरात करून घेऊ की घरच्या घरी, एवढंच तू विचारलंस. पण याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. चौतीस वर्षं साताऱ्यात दवाखाना चालवला, त्यात याच एका कामात मी घाई केली आणि एका मुलीला रडवलं. ते पुढे सांगतेच. तुझ्या लग्नाला साडेतीन महिने आहेत, म्हणजे वेळ भरपूर आहे.

सगळ्यात आधी दात नीट बघायला शीक. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकत असताना आमच्या सरांनी रंग पारखायची पद्धत घोटून घेतली होती. लिपस्टिक पुसायला लावायची. गडद रंगाचा पदर असेल तर त्यावर फिकट नॅपकिन टाकायचा. पेशंटला खिडकीच्या उजेडात बसवायचं, दात थुंकीने ओला आहे ना ते बघायचं आणि पाच-सात सेकंदांत रंग ठरवून नजर बाजूला करायची. जास्त वेळ टक लावली की डोळा थकतो आणि सगळे रंग सारखेच वाटायला लागतात. तोंड उघडं राहून दात कोरडा पडला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल. तू रोज बाथरूमच्या ट्यूबलाइटमध्ये किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात दात बघतेस, त्या दोन्हींवर विसंबू नकोस. सकाळी नऊच्या सुमाराला गच्चीवर आरसा घेऊन जा.

बघताना दात कागदाशी ताडू नकोस, डोळ्यातल्या पांढऱ्याशी ताड. माणसाचा दात मुळात पिवळसरच असतो. वरचं इनॅमल दुधी काचेसारखं असतं, त्याच्या आतून डेंटिनचा पिवळेपणा झिरपतो. सुळे तर सगळ्यांचेच जरा जास्त पिवळे असतात. आमच्या शेड गाइडमध्ये सोळा रंग असतात आणि त्यातला एकही रंग जाहिरातीतल्या दातांसारखा नसतो. डोळ्यातल्या पांढऱ्याच्या पुढे दात नेला की हसताना चेहऱ्याआधी दातच दिसतात. तिथेच थांबायचं.

मग डाग कशाचा आहे ते ओळखायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. चहा, कॉफी, सुपारी, मिश्री, काही माउथवॉश यांचे डाग वरवर बसतात. जिभेच्या बाजूने खालच्या पुढच्या दातांमागे नख फिरवून बघ, खरखरीत लागलं तर तिथे कीटण आहे. या दोन्हींना ब्लीचिंग लागत नाही, नुसतं क्लीनिंग आणि पॉलिश पुरतं. एक मावशी कराडकडच्या खेड्यातून यायच्या, पंचवीस वर्षं मिश्री लावलेली. मुलाच्या लग्नाआधी म्हणाल्या, दात पांढरे करून द्या. दोन बैठकांत क्लीनिंग केलं, मग त्यांना खिडकीत नेऊन आरसा हातात दिला. त्यांनी ओठ बोटाने वर करून एकेक दात बघितला, मग पदराने तोंड झाकून घेतलं. मिश्रीही त्यांनी सोडली. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, हे त्यांना तोवर कोणी सांगितलंच नव्हतं.

क्लीनिंगने दात हलतात असं तुझी आई म्हणेल. माझ्या आईचंही तेच म्हणणं होतं. पण खरं म्हणजे वर्षानुवर्षं बसलेल्या कीटणाखाली हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं आणि कीटणच दातांना धरून ठेवतं. ते काढलं की मूळचं ढिलेपण जाणवतं. तुझ्या वयात तर ही भीती बाळगूच नकोस. कितीतरी मुली क्लीनिंगनंतर आरशात बघून ब्लीचिंगचा विचारच सोडून देतात. तूही आधी तेवढंच कर आणि आठवडाभर थांब.

काही डाग आतले असतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेलेलं पाणी लहानपणी प्यायलं की दातांवर पांढरे, तपकिरी ठिपके उमटतात. ब्लीचिंगने पांढरे ठिपके जात नाहीत, आजूबाजूचा दात उजळल्याने ते कमी डोळ्यांत भरतात इतकंच. तपकिरी ठिपक्यांना वेगळे उपाय आहेत. लहानपणी टेट्रासायक्लिन घेतल्याने आलेल्या राखाडी पट्ट्यांना रात्रीच्या ट्रेचे (त्याबद्दल पुढे सांगते) कित्येक महिने लागतात. आणि एकच दात काळवंडला असेल तर तो बहुतेकदा मार बसून आतून मेलेला असतो. त्याचा एक्स-रे काढायचा, रूट कॅनाल करायची आणि औषध दाताच्या आत भरून तो उजळायचा. सगळ्या दातांवर जेल थापून तो एक दात सुधारत नाही.

आता ती रडलेली मुलगी. दवाखाना काढून सातेक वर्षं झाली होती. साखरपुडा पंधरा दिवसांवर, ती घाईत आणि मीही घाईत. तिच्या समोरच्या एका दातावर कॅप होती, तिच्या त्या वेळच्या दातांच्या रंगाशी हुबेहूब जुळवलेली. ब्लीचिंग छान झालं. बाकीचे दात दोन-तीन शेड उजळले आणि कॅप होती तशी राहिली, कारण चिनी मातीवर पेरॉक्साइडचा काही परिणाम होत नाही. तोवर कोणाच्या लक्षातही न आलेली कॅप बरोबर मध्यभागी पिवळी दिसू लागली. नवी कॅप करायला तेव्हा लॅब दहा-बारा दिवस घ्यायची. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत ती ओठ मिटून उभी आहे. कॅप मी पदरचे पैसे घालून बदलून दिली, पण ते फोटो काही बदलता आले नाहीत.

तुला हे सांगायचं कारण आहे. दहावीत सायकलवरून पडलीस तेव्हा तुझ्या उजव्या समोरच्या दाताचा कोपरा मीच कॉम्पोझिटने भरलाय. ते फिलिंगही उजळणार नाही. दात आधी उजळायचे, मग नव्या रंगाला जुळवून फिलिंग बदलायचं आणि दोन्हींच्या मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन अडकून राहतो आणि नवं फिलिंग नीट चिकटत नाही. तुझं सगळं वेळापत्रक या एका कोपऱ्यावर ठरतं.

आता दवाखान्यातलं आणि घरचं. दोन्हीकडे औषध एकाच जातीचं. पेरॉक्साइड इनॅमलमधून आत जातं आणि रंगाचे मोठे कण फोडून बारीक, बिनरंगी करतं. दात खरवडत नाही. फरक फक्त जोराचा आणि वेळेचा आहे. दवाखान्यात साधारण पंचवीस ते चाळीस टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. हिरडीवर ते लागलं तर पोळतं, म्हणून आधी हिरडीला रबरासारखा लेप देऊन झाकतात. पंधरा-वीस मिनिटांच्या दोन-तीन खेपा झाल्या की तासाभरात माणूस बाहेर. निळा दिवा लावतात, त्याचे वेगळे पैसे सांगितले तर देऊ नकोस. अखेरच्या रंगात दिव्याने फारसा फरक पडत नाही. आणि खुर्चीतून उठतानाचा जो झगझगीत पांढरा रंग असतो, त्यात दात कोरडा पडल्याचा वाटा मोठा असतो. दोन-चार दिवसांत दात पुन्हा ओला होतो आणि रंग थोडा उतरतो. त्या दिवशी काढलेला फोटो बघून कुठलाही दवाखाना निवडू नकोस.

घरच्या पद्धतीत तुझ्या दातांचं माप घेऊन पातळ मऊ ट्रे करून देतात. त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घालून रात्री झोपताना लावायचं. दहा टक्के कार्बामाइड म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि तेही सावकाश सुटणारं. या पद्धतीचा उगमही हिरड्यांच्या औषधातच आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आर्कान्सामध्ये दात सरळ करणारा एक डॉक्टर सुजलेल्या हिरड्यांसाठी हेच कार्बामाइड पेरॉक्साइड जंतुनाशक म्हणून रात्री ट्रेमधून लावायला सांगायचा. हिरड्या बऱ्या झाल्याच, शिवाय दात उजळल्याचं त्याच्या लक्षात आलं. पुढे १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि ती जगभर गेली.

माझं मत विचारशील तर वेळ असेल तेव्हा ट्रेच. अखेरचा रंग जवळपास तितकाच येतो, पैसे कमी लागतात, दात कमी शिवशिवतात आणि हवा तो रंग आला की तुला स्वतःला थांबता येतं. शिवाय ट्रे तुझ्याकडेच राहतो. वर्ष-दोन वर्षांनी रंग उतरला की दोन-तीन रात्री लावलं तरी पुरतं. दवाखान्यातली तासाभराची पद्धत वाईट नाही. ज्याला ट्रे तोंडात धरवत नाही, उमासे येतात, किंवा ज्याच्याकडे खरंच चारच दिवस आहेत, त्याने ती घ्यावी. तू त्यात बसत नाहीस.

ट्रे वापरताना सगळ्यांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. जेल जास्त घालतात. एका दाताला ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका, तोही दाताच्या पुढच्या बाजूला. ट्रे दाबून बसवला की कडेने जे बाहेर येईल ते बोटाने किंवा कोरड्या ब्रशने लगेच पुसून टाक. हिरडी पांढरी पडून चुरचुरली तर जेल जास्त झालंय असं समज. सकाळी ट्रे गार पाण्याने धू, गरम पाण्याने तो वाकडा होतो. जेल फ्रिजमध्ये ठेव, आणि घरात कुणाला ते लोणच्याच्या मसाल्याचं पाकीट वाटणार नाही अशा जागी ठेव.

दात शिवशिवतील, गार पाणी लागलं की कळ येईल. घाबरू नकोस, थांबवलं की काही दिवसांत जातं. सुरू करायच्या दोन आठवडे आधीपासून पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापर. फारच कळ आली तर एक रात्र सोडून एक रात्र लाव. सोळा आणि बावीस टक्क्यांचं जेल मिळतं, ते घेऊन चार दिवस वाचवायच्या फंदात पडू नकोस. कळ वाढते आणि अखेर रंग तोच येतो. ठणका लागून राहिला तर मात्र मला फोन कर, मग तिथे जेलपेक्षा वेगळं काही आहे.

दुकानातल्या आणि ऑनलाइन मिळणाऱ्या वस्तूंबद्दल थोडक्यात. दातांवर चिकटवायच्या पट्ट्यांनी दात उजळतात, पण त्या सगळ्यांना एकाच मापाच्या असतात, त्यामुळे कडेचे दात राहून जातात. शिवाय तुझ्या फिलिंगचं काय करायचं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. जांभळी पेस्ट पिवळ्यावर निळसर झाक चढवते, कपड्याला नीळ देतात तशी, आणि काही तासांत ती उतरते. व्हाइटनिंग पेस्ट वरचा डाग घासते, आतल्या रंगापर्यंत ती पोचत नाही. युरोपीय संघात २०१२ पासून दंतवैद्याशिवाय विकायच्या वस्तूंत ०.१ टक्क्यापेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड चालत नाही, आणि त्यापुढचं, सहा टक्क्यांपर्यंतचं, दंतवैद्याच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. पार्लरमध्ये फेशियलबरोबर कोणी ब्लीचिंग करून देऊ लागलं तर उठून बाहेर ये. जो तुझ्या तोंडात हात घालेल त्याच्याकडे बीडीएसची पदवी आणि डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, तो विचारायला संकोच करू नकोस.

लिंबू-सोडा, मीठ, राखुंडी, कोळशाची पावडर यांच्यावर माझा खरा राग आहे. इनॅमल साधारण साडेपाच पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो. वर सोडा किंवा कोळसा घासला की मऊ पडलेला थर निघून जातो. पहिले काही दिवस दात चमकतात, मग इनॅमल पातळ होऊन आतलं पिवळं डेंटिन आणखी दिसू लागतं. इनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, गेलेलं परत येत नाही. कॉलेजातली एक मुलगी अशी आली होती, एकोणीस वर्षांची. तिला वाऱ्याची झुळूक लागली तरी दात आंबायचे. तिला देण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं.

खाण्यापिण्याचं म्हणशील तर ब्लीचिंग चालू असताना चहा पूर्ण बंद करायलाच हवा असं नाही. आम्ही वर्षानुवर्षं तसं सांगत आलो, पण त्याने रंगात फारसा फरक पडत नाही असं पुढे दिसून आलं. पहिले दोन दिवस हळदीची भाजी आणि कोकम टाळलंस तर चांगलं, बाकी दहीभात खा नाहीतर तुला हवं ते खा. लिंबू-चिंच मात्र त्या दिवसांत कमी कर, ते रंगासाठी नाही, कळेसाठी.

आणि एक, तुझी जाऊबाई होणारी ती मुलगीही विचारत होती म्हणालीस. तिला दिवस गेलेत. तिला सांग, बाळंतपण आणि अंगावरचं दूध सुटेपर्यंत थांब. क्लीनिंग मात्र तिने आताच करून घ्यावं, गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात.

तर असं कर. पुढच्या रविवारी ये, क्लीनिंग करू, कीड कुठे आहे का बघू, त्या जुन्या फिलिंगच्या कडा तपासू आणि ट्रेसाठी माप घेऊ. मी दवाखाना सोडला असला तरी खुर्ची अजून माझ्याच नावाने ठेवली आहे तिथे. मग आठवडाभर थांबून, तरीही उजळावंसं वाटलं तर दोन-तीन आठवडे ट्रे, त्यानंतर दोन आठवडे काहीच नाही, आणि मग तुझा तो कोपरा नव्याने भरायचा. तरीही लग्नाआधी दीड महिना हातात राहतो. येताना लिपस्टिक लावू नकोस आणि फिकट रंगाचा कुडता घाल. सकाळी साडेनवाला पोच, तेव्हा खिडकीत ऊन नसतं पण उजेड चांगला असतो.