न सुटणारा प्लग

मेकॅनिकलची पोरं सुट्टीत गावी गेली की घरच्यांची एकच समजूत असते : याला यंत्रातलं सगळं कळतं. मग मिक्सर, मोटर, पंप, जे बंद असेल ते आपल्यापुढे येतं. माझ्यापुढे आला ट्रॅक्टर. आमचं गाव कामथडी, तालुका भोर. पुणे-सातारा हमरस्त्यावर नसरापूरच्या पुढे. आमच्या पट्ट्यात खरिपाचं मुख्य पीक भात, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडाला ट्रॅक्टर उभा राहिला तर घरातलं वातावरण कसं होतं ते भातवाल्यांनाच ठाऊक. रोपं साधारण तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की लावणी व्हावी लागते. जून रोपाला फुटवे कमी येतात. चिखलणी लांबली की सगळंच लांबतं.

चुलत्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, डिपस्टिक काढून दाखवली. तिच्यावरचं गिअर ऑईल चहाच्या रंगाचं झालं होतं, दूध जास्त झालेल्या चहाच्या. "पाणी गेलंय रे आत," तात्या म्हणाले. "आणि खालचा प्लग काही केल्या निघंना."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे. चिखलणीत ट्रॅक्टरचा मागचा भाग तासन्‌तास चिखलपाण्यात असतो. काम करताना गिअरबॉक्स तापतो, थांबला की निवतो, आतली हवा आकसते आणि झिजलेल्या ऑईल सीलमधून थोडं थोडं पाणी आत ओढलं जातं. पाणी तेलाहून जड, म्हणून ट्रॅक्टर उभा असताना ते तळाशी साचतं. तळाशी काय असतं? ड्रेन प्लग. म्हणजे तो आतून पाण्यात आणि बाहेरून चिखलात. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, निदान दुप्पट तरी. आट्यांमधल्या फटीत तो झाला की जणू पाचर ठोकल्यासारखा बसतो. कोरडवाहू शेतातल्या ट्रॅक्टरचा प्लग सुटतो आणि भातवाल्याचा अडतो, याचं कारण हे आहे.

आता पहिली गोष्ट, आणि मला विचाराल तर या लेखातली सर्वांत महत्त्वाची. खालच्या प्लगला हात लावायच्या आधी वरचा, म्हणजे तेल भरायचा प्लग उघडून पाहा. तात्यांना हे पटेना. "तेल खालून काढायचंय ना, मग वर कशाला खटपट?" मी म्हटलं, "तात्या, खालचा सुटला, तेल सगळं गेलं आणि वरचा निघालाच नाही, तर नवं तेल कुठून घालणार? ट्रॅक्टर आहे तिथंच अडकेल, मिस्त्रीकडेसुद्धा नेता येणार नाही." काही मॉडेलांत गिअर लिव्हरचं झाकण काढून तेल ओतता येतं, पण त्या भरवशावर राहू नये. वरचा प्लग उघडा असला की आणखी एक फायदा होतो. खाली उष्णता द्यावी लागली तर आतली वाफ कोंडत नाही.

आमच्या भरण्याच्या प्लगला वर डोकं नव्हतं, आत चौकोनी खाच होती आणि ती दगडासारख्या चिखलाने भरलेली. बरेच जण इथे पाना नीट बसला आहे असं समजून जोर लावतात आणि खाचेचे कोपरे उडवतात. मी खिळ्याने ती खाच तळापर्यंत कोरली, डिझेलने धुतली. मग चौकोनी सळीचा तुकडा कानशीने घासत घासत खाचेत घट्ट बसेल असा केला. फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये तो चौकोन घासताना आपण सगळ्यांनी शिव्या दिल्यात. इथे त्या तुकड्याला पाना लावला आणि प्लग दोन झटक्यांत फिरला.

खालचा प्लग मात्र वेगळा गडी. त्याला बाहेर चौकोनी डोकं होतं आणि पूर्वी कुणीतरी पाईप पाना लावून त्याचे चारही कोपरे गोल करून ठेवले होते. इथे मापाबद्दल बोललं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरांची घराणी निरनिराळी आहेत. आयशरचा १९५९ चा पहिला ट्रॅक्टर जर्मन वंशाचा. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ मध्ये कंपनी काढून आणलेला बी-२७५ हा मूळ इंग्लंडमधला. एचएमटीचा झेटर चेकोस्लोव्हाकियाचा, त्याचा कारखाना तर २०१६ मध्ये बंदच झाला. त्यामुळे कुठे माप इंचात, कुठे मिलिमीटरमध्ये. सात-अष्टमांश इंच म्हणजे २२.२ मिमी. त्यावर २२ चा पाना चढत नाही, मग माणूस हाताशी असलेला २४ चा लावतो. जवळजवळ दोन मिलिमीटर सैल पाना कोपऱ्यावर टेकतो आणि डोकं गोल होतं. म्हणून इंची पान्यांचा जुना संच कुणी भंगारात काढत असेल तर घेऊन ठेवा.

तात्यांचा उपाय ठरलेला होता : पान्याला पाच फुटी पाईप घालायचा आणि दोघांनी लोंबकळायचं. मी ते होऊ दिलं नाही, आणि त्याचं कारण गणितात आहे. एक मीटर लांबीच्या दांड्यावर ६० किलोचा माणूस लटकला तर जवळपास ५९० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. दोघे आणि पाच फूट म्हणजे दीड हजाराच्या पुढे. गिअरबॉक्सचं कवच बीडाचं. बीड दाब भरपूर सोसतं, ताण मात्र फार कमी. प्लगभोवतीच्या उंचवट्याला तडा गेला तर प्रश्न एका प्लगचा राहत नाही, ट्रॅक्टर मधून तोडून अख्खं कवच बदलावं लागतं. त्या हंगामाची चिखलणी मग भाड्याच्या ट्रॅक्टरने, तीही त्याची पाळी येईल तेव्हा.

"सोडवण्याआधी थोडा आवळा, गंज तुटतो" असा एक सल्ला सर्रास मिळतो. वॉशरवर बसणाऱ्या सरळ आट्यांच्या प्लगला तो चालतो, तोही केसभर. निमुळत्या आट्यांच्या प्लगला मला तो धोक्याचा वाटतो. हे आटे १६ ला १ अशा उताराचे असतात. पाऊण इंची पाईप-आट्यात इंचाला १४ आटे, म्हणजे एका फेऱ्यात प्लग सुमारे १.८ मिमी सरकतो. भागिले १६ करा : ०.११ मिमी. एक फेरा आत गेला तर तेवढ्याने भोक ताणलं जातं, बीडाला नको तेच. पण हाच हिशोब उलट लावला तर दिलासा आहे. निमुळता प्लग एकदा पाव फेरा हलला की पुढे तो हातानेच निघतो. सगळी लढाई त्या पहिल्या पाव फेऱ्याची.

आम्ही आदल्या रात्री डिझेल आणि पातळ तेल मिसळून प्लगला लावलं. प्लग तळाला असल्याने ते ओघळून जातं, म्हणून भिजवलेली चिंधी डबीच्या झाकणात ठेवून प्लगखाली दाबून बांधली. सकाळी डोक्यावर हातोडीने सरळ, कवचाच्या दिशेने मध्यम टोले दिले. या टोल्यांनी गंजाचा थर तडकतो, कोपरे मात्र शाबूत राहतात. तरी प्लग हलला नाही.

मग उष्णता. कवच तापवावं की प्लग? पुस्तकी उत्तर कवच. २५ मिमीचं भोक १५० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०४ मिमी मोठं होतं. पण जाड बीड एका बाजूने भराभर तापवलं तर तडकू शकतं, आत तेल आहे, शेजारी रबरी सील आहेत. म्हणून मला उलटा मार्ग बरा वाटला : फक्त प्लग तापवायचा आणि निवू द्यायचा. तापताना तो फुगून गंजाला चिरडतो, निवताना आकसतो आणि फट पडते. चांगला गरम असतानाच मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण फटीत ओढलं जातं. पाणी ओतून निववायचं मात्र नाही.

गोल डोक्याला पाना धरणार नव्हताच. गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी डोक्यावर एक मोठा नट ठेवला आणि आतल्या बाजूने लहान लहान टाके मारून तो प्लगला जोडला. त्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या, डिझेलने भिजलेली जागा कोरडी पुसली आणि अर्थिंगचा चिमटा प्लगच्या अगदी जवळ लावला. तो लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाहतो आणि गोळ्यांवर डाग पडतात. वाळूची बादली शेजारी होती. तापवणं आणि नवं डोकं, दोन्ही एकाच कामात झालं.

थोडा निवल्यावर, पण गरम असतानाच मेण लावलं, नटाच्या मापाचा रिंग पाना चढवला आणि दांड्यावर हातोडीचे छोटे झटके दिले. आडवं पडून खालून पाहताना दिशा चुकते, म्हणून मी आधी कवचावर खडूने बाण काढला होता. पाचव्या की सहाव्या झटक्याला कट् असा आवाज आला. तात्यांना वाटलं पाना तुटला. बाण आणि नटाचा कोपरा पाहिला तर प्लग बोटभर फिरला होता.

प्लग लगेच पूर्ण काढला नाही. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरात पाणी तळाला असतं, ते आधी सोडायचं. थोडा सैल करताच गढूळ पाणी आलं, चांगलं तांब्याभर, मग दुधाळ तेल. तेल दिसताच प्लग पुन्हा बसवला, ट्रॅक्टर वस्तीपर्यंत फिरवून आणला आणि कोमट, पातळ झालेलं तेल सगळं काढलं. प्लगला चिकटलेला लोखंडी कीस बोटांनी चोळून पाहिला. बारीक भुकटी होती, दाताचे तुकडे नव्हते. तात्यांनी तोही बोटांत चोळून पाहिला आणि बिडी पेटवायला लांब जाऊन बसले.

वेल्डिंगचा प्लग परत लावण्यासारखा नव्हता. नसरापुरातून त्याच आट्याचा नवा आणला, आटे तारेच्या ब्रशने साफ केले, ग्रीस लावून बसवला आणि आखूड पान्याने आवळला. काढलेलं तेल ओढ्यात किंवा बांधावर न ओतता डब्यात भरून ठेवलंय, गॅरेजवाला जुनं तेल गोळा करतो त्याच्याकडे द्यायला. आता राहिलंय ते मागच्या चाकाचं ऑईल सील. पाणी आलं ते तिथून, आणि ते बदलायला चाक उतरवावं लागतं. मिस्त्रींनी रविवारचा वार दिलाय.