औषधपत्र कसे लिहावे?

निदान अचूक असते, औषधयोजना शास्त्रशुद्ध असते, तरीही रुग्णास गुण येत नाही. अशा वेळी आपण दोष, दूष्य, अग्नी यांचा फेरविचार करतो. स्वतः लिहिलेल्या औषधपत्राचा मात्र क्वचितच. वैद्य, औषधविक्रेता व रुग्ण या तिघांच्याही हाती राहणारी एकमेव वस्तू म्हणजे ती चिठ्ठी. तीत जे लिहायचे राहते, ते पुढे अंदाजाने भरले जाते. हा अंदाज घातक ठरू शकतो, म्हणून पुढील मुद्दे आम्ही येथे मांडत आहोत.

१) कल्पाचे पूर्ण नाव : केवळ 'सूतशेखर' असे लिहिल्यास सुवर्णयुक्त, साधा व लघु असे तीन अर्थ संभवतात. पहिल्या दोहोंत कज्जली, वत्सनाभ व धत्तूरबीज आहे. लघु सूतशेखर हा गैरिक व शुंठी यांस नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना देऊन होतो. त्यात पारद नाही. तसेच योगराज गुग्गुळ हा मुख्यतः काष्ठौषधींचा कल्प आहे, तर महायोगराज गुग्गुळात नाग, वंग, लोह आदींची भस्मे व रससिंदूर असते. म्हणून 'लघु', 'महा', 'नारदीय' ही विशेषणे कधीही गाळू नयेत व नावांची आद्याक्षरे लिहू नयेत.

२) मात्रा : 'आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया'मध्ये १ गुंज म्हणजे १२५ मि.ग्रॅ. असे मान धरले आहे. घाईने लिहिलेले 'गुं.' हे 'ग्रॅ.' असे वाचले गेल्यास मात्रा आठपट होते. वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्तीच्या बाबतीत या चुकीचा परिणाम काय होईल, हे सांगणे नलगे. मात्रा मि.ग्रॅ. वा ग्रॅममध्येच लिहावी. देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ करू नये. देवनागरी '१' हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. विषारी द्रव्ययुक्त कल्पाची मात्रा अंकांत व अक्षरांत अशी दोन्ही प्रकारे लिहावी.

३) सेवनकाल : सुश्रुतांनी दहा, तर शार्ङ्गधरांनी पाच औषधकाल सांगितले आहेत. वैद्याने निवड त्यानुसार करावी. परंतु रुग्णासाठी 'प्राग्भक्त' याऐवजी 'जेवणापूर्वी लगेच' असे लिहावे. 'दिवसातून दोनदा' एवढे लिहिणे पुरेसे नाही.

४) अनुपान : 'मध-तूप' एवढेच लिहिले तर घरी दोन्ही समभाग घेतले जाण्याचा संभव असतो, आणि समप्रमाण मधुघृत शास्त्राने विरुद्ध मानले आहे. 'मध १ चमचा, तूप अर्धा चमचा' असे स्पष्ट प्रमाण द्यावे.

५) इतर नोंदी : रुग्णाचे नाव, वय, वजन, गर्भावस्था, चालू असलेली अन्य औषधे, दिनांक, औषधाचा अवधी, एकूण नग, पुनर्तपासणीची तारीख, वैद्याची सही व नोंदणी क्रमांक. अवधी न लिहिल्यास रसकल्प महिनोन्‌महिने चालू राहतात.

उदाहरणार्थ :
लघु सूतशेखर, २५० मि.ग्रॅ. गोळी. २ गोळ्या सकाळी व २ गोळ्या रात्री, जेवणापूर्वी, अर्धा कप थंड दुधासोबत. ७ दिवस. एकूण २८ गोळ्या.

चार गोळ्यांप्रमाणे सात दिवसांच्या अठ्ठावीस होतात, हा ताळा विक्रेत्यास लगेच पाहता येतो. लेखनातील चूक तेथेच उघडकीस येते.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींनीही काही पथ्ये पाळावीत. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये केलेल्या नियमांच्या ई-१ अनुसूचीत वत्सनाभ, धत्तूर, कुपीलू, हिंगुळ आदी द्रव्यांचा समावेश आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना आवश्यक असते. अशी औषधे देताना अक्षर न लागल्यास तर्क करू नये. वैद्यास दूरध्वनी करावा. नावसाधर्म्यावरून बदली कल्प देऊ नये. सुट्या पुड्यांवर कल्पाचे नाव, मात्रा व वेळ लिहावी.

उद्या रुग्णास अपाय झाला, किंवा तो अन्य चिकित्सकाकडे गेला, तर आपण काय दिले होते हे सांगणारा पुरावा तेवढाच असतो. ते लिहून झाल्यावर एकदा रुग्णाच्या नजरेने वाचून पाहावे, एवढीच विनंती.