दातांच्या मुळांचे अंतरंग

रूट कॅनालचा उपचार करूनही दाढ ठणकतच राहिली, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. अशा वेळी दोष दंतवैद्याच्या हाताला दिला जातो, आणि कधी कधी तो खराही असतो. परंतु पुष्कळदा अपयशाचे कारण दाताच्या रचनेतच दडलेले असते. हिरडीबाहेर सर्वांचे दात थोड्याफार फरकाने सारखे दिसत असले, तरी हिरडीखाली, हाडात रुतलेल्या मुळांत, निसर्गाने कमालीची विविधता ठेवली आहे.

दाताचे बाह्य आवरण म्हणजे दंतवल्क. मानवी शरीरात याहून कठीण पदार्थ नाही. त्याखाली दंतिनाचा थर व अगदी आत एक पोकळी असते. या पोकळीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी युक्त अशी दंतमज्जा असते व ती मुळातील बारीक नलिकांतून जबड्यातील रक्तवाहिन्यांशी जोडलेली असते. बोलीभाषेत हिलाच ‘नस’ म्हणतात. वस्तुतः ती एक नस नसून जिवंत ऊतकांचा पुंजका आहे. कीड येथवर पोहोचली की मज्जेला सूज येते. चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने सुजेला पसरण्यास जागा मिळत नाही. रात्री आडवे होताच दाढ अधिक ठणकते त्याचे कारण हेच. पुढे मज्जा मृत होते, वेदना थांबते आणि रोगी निर्धास्त होतो. प्रत्यक्षात मुळाच्या टोकाशी जंतूंचे कार्य चालूच असते व काही दिवसांनी तेथे गळू तयार होते.

‘कीड’ या शब्दाने आपल्याकडे एक गैरसमज दीर्घकाळ जोपासला. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे काढून दाखविणारे लोक बाजारांतून हिंडत असत. दातात किडा नसतो. असतात ते सूक्ष्म जंतू. १९६५ मध्ये अमेरिकेतील काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झेराल्ड या संशोधकांनी पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या दाढांतील मज्जा उघडी केली. अन्नकण शिरूनही ती मज्जा मृत झाली नाही, उलट जखम भरून येऊ लागली. सामान्य उंदरांची मज्जा मात्र सडली. जंतू नाहीत तर रोग नाही, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

तेव्हा उपचाराचे तत्त्व सोपे आहे : सर्व मूलनलिका शोधाव्यात, टोकापर्यंत स्वच्छ कराव्यात आणि गटापर्चा या वृक्षजन्य पदार्थाने घट्ट बंद कराव्यात. या तिहींत पहिलीच पायरी सर्वांत अवघड ठरते. एक नलिका जरी निसटली, तरी तिच्यातील जंतू बाकीच्या कष्टांवर पाणी फिरवतात.

सर्वसाधारणपणे पुढच्या दातांना एक, खालच्या दाढांना दोन व वरच्या दाढांना तीन मुळे असतात. परंतु मुळे किती यावरून नलिका किती हे ठरत नाही. खालच्या पुढच्या दातांचे मूळ एकच, तरीही सुमारे दोनपंचमांश दातांत नलिका दोन असतात. बहुधा त्या टोकाशी पुन्हा एकत्र येतात. वरची पहिली दाढ तर या बाबतीत प्रसिद्धच आहे. तिच्या गालाकडील पुढच्या मुळात पूर्वी एकच नलिका मानली जात असे. वाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये तेथील दुसऱ्या नलिकेकडे लक्ष वेधले, आणि ती निम्म्याहून अधिक दाढांत असते, असे आज मानले जाते. तिचे तोंड अतिशय अरुंद, बहुधा दंतिनाच्या कंगोऱ्याखाली झाकलेले; क्ष-किरण चित्रातही ती पुढच्या नलिकेच्या छायेत लपते. या दाढेवरील उपचार फसण्यामागे ही न सापडलेली नलिका वारंवार आढळते.

हे अंतरंग उलगडण्यासाठी झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एक कल्पक युक्ती योजली. काढलेल्या दातांच्या पोकळीत त्यांनी रबर भरले व दात आम्लात विरघळवून टाकले. मागे उरला तो नलिकांचा हुबेहूब साचा. सुमारे २,८०० दातांवरील या कामाचा ग्रंथ इंग्रजीत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरळ नळीऐवजी फाटे, जाळी, आडव्या फटी व टोकाशी झाडाच्या मुळ्यांसारखे तंतू त्यात दिसले. पुढे १९८४ मध्ये फ्रँक व्हर्तुची यांनी २,४०० दात तपासून नलिकांच्या मांडणीचे आठ प्रकार निश्चित केले. एक नलिका दुभंगून पुन्हा एक होते, तर दोन नलिका एकत्र येऊन परत फुटतात, असेही त्यांत आहे.

वंशपरत्वेही भेद दिसतात. खालच्या पहिल्या दाढेला जिभेच्या बाजूस तिसरे, आखूड व वाकडे मूळ असणे युरोपीय लोकांत क्वचित, तर पूर्व आशियातील लोकांत बरेच आढळते. खालच्या दुसऱ्या दाढेची मुळे एकमेकांस चिकटून आतील नलिका चंद्रकोरीसारखी सलग होते, हा प्रकार चिनी व कोरियन लोकांत विशेष असला, तरी भारतीयांतही आहे. कुक व कॉक्स यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. अशा अरुंद चिरेत गोल उपकरण सर्वत्र पोहोचत नाही. तेथे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण उपयोगी पडते. उपकरणास न सापडणारे ऊतक ते विरघळवते. मात्र मुळाच्या टोकापलीकडे गेल्यास ते तीव्र इजा करते.

वाकडी नलिका हे आणखी एक संकट. पोलादी सूत वाकणावर सरळ होऊ पाहते; मग मुळाला भोक पडते किंवा सूतच आत तुटते. निकेल-टायटॅनियमच्या लवचीक सुतांचा प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हा धोका कमी झाला, संपला नाही. सूक्ष्मदर्शक व त्रिमितीय क्ष-किरण चित्रण ही साधने मोठ्या शहरांत उपलब्ध आहेत. ती नसतील तेथेही दोन निरनिराळ्या कोनांतून साधी क्ष-किरण चित्रे घेतली, तर एकीमागे लपलेली दुसरी नलिका पुष्कळदा उघडकीस येते. यास वेळ लागतो. ‘एकाच बैठकीत उरका’ असा आग्रह धरणाऱ्या रोग्याने हे ध्यानात घेतलेले बरे.

शिक्षकांच्या दृष्टीने लहान मुलांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नसल्याने पालक तिलाही दुधाचीच समजतात व ‘पडेलच कधीतरी’ म्हणून किडू देतात. ती एकदा गेली की दुसरी येत नाही. शिवाय तिची मुळे नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होत नाहीत. तत्पूर्वी मज्जा मृत झाली, तर मुळाची वाढ खुंटते. टोक नरसाळ्यासारखे उघडे व भिंती पातळ राहतात. असे मूळ नेहमीच्या पद्धतीने बंद करता येत नाही आणि पुढे किरकोळ आघातानेही मोडू शकते. याउलट मज्जेचा काही भाग जिवंत असतानाच मूल दंतवैद्याकडे पोहोचले, तर तेवढा भाग राखून मुळाची वाढ पूर्ण होऊ देता येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतक्षयाची तपासणी समाविष्ट आहे. आरोग्य पथक शाळेत येईल तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलांच्या शेवटच्या दाढा आवर्जून दाखवाव्यात. खेळताना पडून आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात तुटला आणि तुटल्या जागी गुलाबी ठिपका दिसला, तर ती उघडी पडलेली मज्जा होय. दुखत नसले तरी त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा.